सारवलेले तेहतीस फूट

रायपूरला जाऊन आल्यापासून सोसायटीतल्या बायका विचारतात, काय काय पाहिलंत? मी म्हणते, तेहतीस फूट सारवलेली जमीन. मग त्या माझ्या मिस्टरांकडे बघतात आणि मिस्टर आभाळाकडे.

त्यांचा तरी काय दोष? एकसष्टाव्या वर्षी बाई सांगलीहून एकटी रायपूरला जाते. तिथे ना लग्न, ना बारसं, ना तीर्थ. हातभर लांबीच्या ट्रॅक्टरनं गाडा ओढलेला बघायला जाते, हे कुणाच्या पचनी पडणार? म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे, म्हणजे पुन्हापुन्हा सांगायला नको.

आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथवर लोखंड कातण्याचा, ट्रेड शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मी एक जुना छोटा लेथ घेतला आणि पार्किंगमधल्या आमच्या जागेत बसवला. मिस्टरांची स्कूटर तेव्हापासून उन्हात असते. त्या लेथवर मी खेळण्यातल्या ट्रॅक्टरचे गिअर कापते. खेळण्यातले म्हटलेलं मला आवडत नाही, पण दुसरा सोपा शब्द नाही. आमच्याकडे जत्रेत ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उलटा चालवण्याची स्पर्धा लागते, ती सगळ्यांना माहीत आहे. हा खेळ वेगळा. यात ट्रॅक्टरच्या मागे एक गाडा जोडतात आणि गाड्यावर वजनाची पेटी असते. गाडा जसा पुढे सरकतो तशी पेटीही सरकत सरकत पुढच्या टोकाला येते, गाड्याचं नाक जमिनीला रुततं आणि ओढ वाढत जाते. पहिल्या दहा फुटांत सगळेच शूर असतात. पट्टीच्या शेवटापर्यंत गाडा नेला तर त्याला ‘फुल पुल’ म्हणतात. खऱ्या ट्रॅक्टरचं जसं, तसंच चार किलोच्या, बॅटरीवर आणि रिमोटवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचंही असतं.

हा नाद असणाऱ्यांच्या फोनवरच्या एका गटात चार वर्षांपूर्वी मला मेश्रामभाऊ भेटले. भेटले म्हणजे आवाजानं. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होते, मूळचे भंडाऱ्याकडचे, दोन पिढ्या रायपुरात. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की एक ट्रॅक्टर दोघांनी मिळून करायचा. गिअरबॉक्स माझा, सांगाडा आणि टायर त्यांचे. जानेवारीत त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, स्पर्धा होती. तीन वर्षं ते या स्पर्धेत उतरत होते आणि फुल पुल एकदाही झाला नव्हता. ‘ताई, एकदा व्हाले पायजे,’ असं ते इतक्या वेळा म्हणाले होते की शेवटी मी तिकीटच काढलं.

शुक्रवार, गुढियारी

प्रवासाचं सांगत नाही, गोंदियाला गाडी बदलली एवढं पुरे. स्टेशनवर मेश्रामभाऊ आले होते. उंच, सडपातळ, मफलर गुंडाळलेला, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. ‘जय भीम ताई’ म्हणाले तेही हात खिशात ठेवूनच. थंडी होतीच, मला काही वावगं वाटलं नाही. बॅग मात्र त्यांची मुलगी मोनिका हिनं उचलली.

गुढियारीत, म्हणजे त्यांच्या पाऱ्यात, घराला घर लागून आहे, मालधक्क्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज दिवसभर. घरात शिरल्या शिरल्या मी दोन स्टीलचे सारखे डबे कुंदावहिनींच्या हवाली केले. एकात बेसनाचे लाडू, एकात गिअरबॉक्स. वहिनींनी एक डबा फडताळात ठेवला आणि एक भाऊंच्या कामाच्या खोलीत पाठवला. दहा मिनिटांनी भाऊ आतून म्हणाले, ‘ताई, गिअर लय नरम झाले बाप्पा.’ ते लाडू खात होते.

मग ट्रॅक्टर पाहिला. निळा रंग, वॅगनच्या पत्र्याचा सांगाडा, एकेक रिव्हेट बघत राहावं असा. मागचे दोन टायर मात्र पाहिले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. जाड रबरावर खाचा हातानं कापल्या होत्या. एक खोल, एक उथळ, एक तिरकी. जाडी-खोली काटेकोर मोजायचा व्हर्निअर माझ्या पर्समध्ये असतोच. मी तो लावला आणि म्हणाले, भाऊ, या खाचा सारख्या नाहीत, माझ्या विद्यार्थ्यानं असं काम आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. मोनिकानं माझ्याकडे रोखून पाहिलं. भाऊ हसून म्हणाले, ‘पाठवा परत. पन आता टाइम नाई.’

दुपारी जेवायला पाटवडी रस्सा होता, भाऊ मात्र मागाहून जेवतो म्हणाले. आमच्या सांगलीच्या तिखटाला मी आजवर तिखट समजत होते, हा गैरसमज तिथे संपला. भात इकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ असतो, आणि मी भाकरीचं नाव काढल्यावर वहिनींनी मला आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

संध्याकाळी शेजारच्या सुकवारो दीदींकडे चहाला गेलो. दीदी मूळ छत्तीसगढी, सत्तरीच्या, हातांत चांदीची जाड कडी, आणि घर असं सारवलेलं की पाय ठेवताना संकोच वाटावा. कडेनं पांढऱ्या मातीची, त्या छुही म्हणतात तिची, रेघ ओढलेली. तांदळाच्या पिठाचे फरे आणि बेसनाच्या ठेठऱ्या पुढे आल्या. चहा आला तेव्हा सगळ्यांना काठोकाठ आणि भाऊंना मात्र अर्धाच कप. मला वाटलं, असेल साखरेचं पथ्य. मग भाऊंनी हात खिशातून काढले.

दोन्ही हात थरथरत होते. थंडीनं नव्हे. दोन्ही हातांनी त्यांनी कप धरला तरी बशी वाजत होती. मी ठेठरी चावत होते ती चावायचीच राहिली. घरी परतताना मोनिकानं मला मागे थांबवलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. ‘आंटी, पापा ने फोन पर बताया नहीं होगा. डेढ़ साल से है. एक टायर काटने में पूरा महीना लगा उनको.’

मी व्हर्निअर लावला होता त्या टायरला. मला इतकी लाज वाटली की रात्रीचा भातही मुकाट्यानं खाल्ला. जेवणानंतर भाऊच विषय काढून म्हणाले, ‘फोनवर हात दिसत नाई ना ताई. तेवढंच बरं होतं.’ रिमोट मीच चालवायचा, हे त्यांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. मी तो पाहुणीचा मान समजले होते. आता त्याचा अर्थ कळला. पुढच्या वर्षी हे हात टायर कापू शकतील की नाही सांगता येत नव्हतं, आणि त्यांना एक फुल पुल बघायचा होता.

शनिवार, गोल बाजार आणि मैदान

रात्रीत ट्रॅक्टर जोडून झाला होता. वजनाला ठेवला तर मर्यादेपेक्षा दीडशे ग्रॅम कमी भरला. हे चांगलंच, कारण तेवढं वजन नाकावर टांगता येतं आणि ओढताना पुढची चाकं उचलत नाहीत. प्रश्न एवढाच की दीडशे ग्रॅमचं आटोपशीर काही मिळवायचं कुठून? भाऊ म्हणाले, गोल बाजार.

गोल बाजारात भांड्यांची गल्ली आहे, तिथे आम्ही तासभर खलाचे बत्ते तोलले. नुसते बत्ते, खल नको. दुकानदार सज्जन होता. आधी त्यानं विचारलं, काय कुटणार? मग विचारलं, कशात कुटणार? शेवटी वहिनी म्हणाल्या की मसाला कुटायचा नाही, बत्ता ट्रॅक्टरला लावायचा आहे, तेव्हा त्यानं न बोलता आणखी चार बत्ते काढून दिले. एक पितळी बत्ता बरोबर दीडशे ग्रॅम भरला. त्या आनंदात आम्ही तिघांनी गुपचुप खाल्लं. आपल्याकडच्या पाणीपुरीला तिथे गुपचुप म्हणतात, आणि ती खाताना तिथे कुणीही गुपचूप नसतं.

परत येऊन मैदान पाहिलं. घरांच्या मागे रिकामी जागा, तिथे तेहतीस फुटांची पट्टी. ही पट्टी भाऊंनी आठ दिवस तयार केली होती. पिवळी मटासी माती चाळून आणली, थोडी काळी कन्हार मिसळली, पाणी शिंपडलं, वाळू भरलेल्या लोखंडी पाइपानं दाबली आणि ओल टिकावी म्हणून वर गोणपाट टाकले. मातीच्या ओलीवर सारा खेळ असतो. फार ओली झाली तर चाक रुततं, कोरडी झाली तर घसरतं. भाऊंनी गोणपाट उचलून मला बोटानं दाबून बघायला लावलं. बोटाचा ठसा उमटत होता आणि माती चिकटत नव्हती. एवढी चांगली पट्टी मी फक्त परदेशातल्या चित्रफितींत पाहिली आहे, आणि हे मी त्यांना सांगितलं. आदल्या दिवशीचं थोडं तरी फिटावं म्हणून नाही, खरंच होतं ते.

तिथेच वर्माजी भेटले. भनपुरीत त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे, आणि वजनाचा गाडा त्यांनीच बनवला आहे. तीन वर्षं तेच जिंकत होते. माणूस दिलदार. माझा गिअरबॉक्स कानाशी धरून फिरवला, आवाज ऐकला आणि मान डोलावली. कारागिराकडून याहून मोठी पावती मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाली नव्हती.

रविवार, मैदान

सकाळी आठला आम्ही मैदानावर गेलो आणि भाऊ जागच्या जागी उभे राहिले.

पट्टी सारवलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेणानं, हाताच्या अर्धगोल वळणांची नक्षी उमटवत. दोन्ही कडांना आणि शेवटच्या टोकाला छुहीची पांढरी रेघ आणि सुरुवातीला तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचा चौक. गोणपाट घडी करून बाजूला ठेवलेले. सुकवारो दीदी बादलीत हात धूत होत्या.

आमचे चेहरे पाहून त्यांना आधी काही कळेना. मग त्या म्हणाल्या, ‘पहुना मन आवत हें, खनाय भुइयाँ कइसे रखतेंव? लीप देंव.’ पाहुणे येणार आणि जमीन उकरलेली कशी ठेवू, म्हणून लिपून टाकली. पहाटेपासून त्या एकट्या राबत होत्या. पाहुणी म्हणजे मी.

वर्माजी आले, त्यांनी कपाळाला हात लावला. कुणी म्हणालं खरवडून काढू, कुणी म्हणालं पुढच्या रविवारी घेऊ. माझी गाडी सोमवारी होती. सगळे भाऊंकडे बघायला लागले, कारण आठ दिवसांची मेहनत त्यांची होती. त्यांनी बराच वेळ पट्टीकडे पाहिलं, मग दीदींकडे. ‘लिपलेल्या जमिनीवर कुदळ कोन मारते?’ ते म्हणाले. ‘इथंच होईन. सबके लिए एक जैसा है.’

तेवढ्यानं विषय मिटला. मला मात्र आतून रडू येत होतं, आणि थोडा रागही आला होता. दीदींचा नव्हे, त्या सुंदर नक्षीचा.

नियम असा की प्रत्येक ट्रॅक्टरला दोन संधी आणि त्यातली लांब ओढ धरायची. ट्रॅक्टर सात होते. पहिला आला तो आठ फुटांवर चाकं फिरवत उभा राहिला. वरचं शेण अजून अर्धवट ओलं होतं, ते टायरच्या खाचांत जाऊन बसायचं आणि टायर गुळगुळीत व्हायचा. दुसरा नऊ फूट, तिसरा बारा. पाऱ्यातली सगळी मंडळी खुर्च्या घेऊन बसली होती. दरवेळी चाक जागच्या जागी फिरून शेण उडालं की पुढच्या रांगेतले लोक मागे सरकत. वर्माजींच्या ट्रॅक्टरनं एकवीस फूट नेलं आणि टाळ्या झाल्या.

मग आमचा. नाकावर पितळी बत्ता, मागे गाडा, माझ्या हातात रिमोट. माझा हात स्थिर आहे, त्या हातानं मी केसाच्या जाडीइतकं लोखंड उतरवलेलं आहे. मी अंगठा हळूहळू, एकसारखा पुढे नेला. ट्रॅक्टर छान निघाला आणि चौदा फुटांवर थांबला. चाकं फिरतात, ट्रॅक्टर हलत नाही. घामानं माझा अंगठा रिमोटवरून निसटला, मी तो घाईनं परत टेकवला, पुन्हा निसटला. आणि एवढ्यात ट्रॅक्टर अर्धा फूट पुढे गेला.

मोनिकानं टेप लावून साडेचौदा सांगितलं. माझं लक्ष त्या अर्ध्या फुटावर होतं. एकसारख्या जोरानं जिथे चाक फिरत होतं, तिथे अंगठा घसरल्यावर ते चाललं होतं. म्हणजे जोर द्यायचा, काढायचा, द्यायचा, काढायचा, तेही भराभर. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन गाड्याशिवाय तसं करून पाहिलं. जमेना. चाळीस वर्षं हाताला शिकवलं की हलायचं नाही, तो आता सांगून हलेना.

मी भाऊंना टाकीमागे बोलावलं, वहिनीही आल्या. मी त्यांना अर्ध्या फुटाचं सांगितलं आणि म्हणाले, दुसरी खेप तुम्ही चालवा.

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘मले दया दाखवून राहिल्या का ताई?’

‘दया मी कधी माझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा दाखवली नाही,’ मी म्हणाले. ‘मला जे जमत नाही ते तुमच्या हाताला जमतं. एवढंच आहे.’

त्यांनी हात पुन्हा खिशात घातले. ‘साऱ्या पाऱ्याले दिसंन.’

यावर कुंदावहिनी बोलल्या. तीन दिवसांत मी त्यांना इतकं शांतपणे बोलताना ऐकलं नव्हतं. ‘साऱ्या पाऱ्याले माईत हाय. सुकवारो दीदी तुमाले चहा अर्धाच काहून देते मंग?’

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. मला वाटतं, दीड वर्षातले सगळे अर्धे कप त्यांना एकदम आठवले असावेत. मग त्यांनी मफलर काढून वहिनींकडे दिला आणि हात बाहेर काढून मैदानाकडे चालू लागले.

दुसऱ्या खेपेत वर्माजींचा ट्रॅक्टर एकोणीस फुटांवर थांबला. आमचा शेवटचा होता. मी आगपेटीच्या काडीनं टायरच्या खाचा साफ केल्या, एक खोल, एक उथळ, एक तिरकी. भाऊंनी रिमोट घेतला तेव्हा तो त्यांच्या हातात स्पष्ट थरथरत होता. कुणी नजर वळवली नाही.

ट्रॅक्टर निघाला तो मान हलवत निघाला. बत्ता वरखाली होत होता आणि चाक झटक्याझटक्यानं फिरत होतं. प्रत्येक झटक्याला खाचांतलं शेण उडून जात होतं. दहा फूट झाले. चौदा झाले, तिथे मी श्वास रोखला. तो थांबला, थरथरला आणि चालू लागला. एकवीस फूट ओलांडले तेव्हा वर्माजी खुर्चीवर उभे राहिले. पंचविसाला पेटी पुढच्या टोकाला आली, गाड्याचं नाक शेणातून मातीत उतरलं आणि ट्रॅक्टर वाकला. मी डोळे मिटले. असं करणारी बाई मी नव्हे, पण मिटले. आवाज मात्र बंद झाला नाही. माझे गिअर अडखळत, पुन्हा धरत, कुरकुरत चालत होते. मी डोळे उघडले तेव्हा सुकवारो दीदींनी ओढलेली शेवटची पांढरी रेघ बत्त्याच्या मागे राहिली होती.

मोनिकानं टेप लावायची गरजच नव्हती, तरी लावला. ‘पूरा तैंतीस,’ ती म्हणाली आणि रडायला लागली.

तुम्ही विचाराल की हे नेमकं कशामुळे झालं. झटक्यांमुळे, की वेड्यावाकड्या खाचांमुळे, की पट्टी सहा ट्रॅक्टरांनी आधीच खरवडली होती म्हणून? टर्नर म्हणून मी तिन्हींना थोडं थोडं श्रेय देईन, पण शपथेवर सांगणार नाही. वर्माजींनी भाऊंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तो त्यांच्या हातातही थरथरत होता, तरी सोडला नाही. सुकवारो दीदी गर्दीतून पुढे आल्या आणि काळजीनं विचारलं, ‘बने होइस न?’ चांगलं झालं ना? भाऊ म्हणाले, ‘हव दीदी. एकदम बने.’ वहिनींनी नाकावरचा बत्ता सोडवला, पदरानं पुसला आणि स्वयंपाकघरात नेला. चटणी त्याच दिवशी कुटली.

निघायच्या आधी दीदींकडे पुन्हा चहा झाला. भाऊंना अर्धाच कप आला. त्यांनी तो पिऊन पुढे केला आणि म्हणाले, ‘आनखी अर्धा द्या.’

सांगली

येऊन आता पाच आठवडे झाले. पूर्वी मेश्रामभाऊ साधा फोन करायचे. आता व्हिडिओ लावतात. फोन बरणीला टेकवून समोर ठेवतात आणि बोलता बोलता काम करत बसतात, त्यामुळे चेहरा अर्धाच दिसतो, पण हात पूर्ण दिसतात. काल ते नवीन टायर कापत होते. सुरी रबरावर टेकवायलाच चार वेळा प्रयत्न करावा लागला. खाच तिरकी गेली, ती त्यांनी फोनपुढे धरून मला दाखवली आणि विचारलं, ‘कशी झाली ताई?’

माझी पर्स शेजारीच होती. मी म्हणाले, बरोबर झाली, पुढची कापा.